लेन्सला फिल्टर लावावा की नाही? (पालखी तोंडावर आली आहे)

खिडकीतली | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चूकभूल सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात निकॉनचा झेड ५० कॅमेरा घेतला, सोबत १८-१४० ची झूम लेन्स. यंदा माउलींच्या पालखीबरोबर पुण्यातून दिवे घाटाने सासवडपर्यंत चालायचं आणि पुढे जेजुरी गाठायची, असं मैत्रिणीचं आणि माझं ठरलंय. म्हणजे पाऊस, चिखल, गर्दी आणि वर भंडारा, सगळं एकाच आठवड्यात.

लेन्स घेतली तेव्हाच काउंटरवरचे काका म्हणाले, "यूव्ही लावून देतो, अठराशे." मी म्हटलं, नंतर बघू. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तान्ह्या बाळाला टोपडं न घालता बाहेर काढलंय. घरी येऊन शोधाशोध केली तर निम्मी जनता म्हणते फिल्टरशिवाय लेन्स पिशवीबाहेर काढणं पाप आहे, आणि उरलेली निम्मी म्हणते एवढ्या महाग लेन्सपुढे स्वस्तातली काच लावणं पाप आहे.

तर लावू का? लावला तर कुठला? यूव्ही, प्रोटेक्टर, क्लिअर ही तीन वेगळी प्रकरणं आहेत की एकच? आतेभावाच्या म्हणण्यानुसार १८-१४० ला ६७ मिमीचा लागतो.

उंडगा_ट्रायपॉड | सोमवार, रात्री ११:०५

लावा आणि विषय संपवा. माझा कॅमेरा झेड ब्रिजच्या कठड्यावर आपटला होता. फिल्टरचा चुरा झाला, लेन्सवर ओरखडासुद्धा नाही. बाराशे गेले, बावीस हजार वाचले. तेव्हापासून दुकानातून बाहेर पडायच्या आत फिल्टर चढवतो.

नारायणपेठी | सोमवार, रात्री ११:१२

+१. मीही हीच लेन्स घेतली आहे. ६७ चा फिल्टर कालच ऑनलाइन मागवला.

रस्ता_पेठ_खड्डा | सोमवार, रात्री ११:३१

ट्रायपॉड, एक बारीक शंका. फिल्टर फुटला हे खरं. पण त्यामुळे लेन्स वाचली हे कशावरून? फिल्टरची काच जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाड असते. लेन्सची पुढची काच त्याच्या कितीतरी पट जाडजूड. ज्या धक्क्याने पहिली फुटते त्याने दुसरीला काही होईलच असं नाही. पापड मोडला म्हणून पाटा वाचला, असं आपण म्हणत नाही.

उलट माझ्या मित्राचं उदाहरण घ्या. पर्वतीच्या पायऱ्यांवर कॅमेरा पडला, फिल्टर फुटला आणि त्याचेच तुकडे पुढच्या काचेवर घासले गेले. दोन लांब ओरखडे. त्यात फिल्टरची रिंग अशी वाकली की लेन्सचा आटाही गेला. आपटण्यापासून वाचवायचं असेल तर लेन्सच्या तोंडावर बसतं ते हूड लावा. प्लॅस्टिकचं असतं, लवचीक असतं, धक्का खातं आणि तुटलं तरी त्याचे तुकडे काचेत घुसत नाहीत. वर ऊन अडवतं ते निराळंच.

उंडगा_ट्रायपॉड | सोमवार, रात्री ११:३८

पाट्याचं कळलं. पण बावीस हजारांचा पाटा आपटून बघायची माझी तयारी नाही. :)

इंदूचा_रोल | मंगळवार, सकाळी ६:२०

सुप्रभात. वयाने इथल्या बहुतेकांपेक्षा मोठा आहे, म्हणून थोडं मागून सुरू करतो.

ही यूव्हीची सवय फिल्मच्या काळातली. आपल्याला न दिसणारे अतिनील किरण फिल्मला दिसायचे. उंच डोंगरावरून किंवा समुद्रकाठी रंगीत फिल्मवर फोटो काढला की लांबच्या डोंगरांवर निळसर धूसरपणा यायचा. तो कापायला यूव्ही, आणि जरा ऊब आणायला फिक्या गुलाबी झाकेचा स्कायलाइट. कृष्णधवल फोटोंसाठी आम्ही पिवळा वापरायचो. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदूचा रोल घालून सिंहगडावर जायचं आणि पिवळा फिल्टर लावायचा. त्याशिवाय आभाळ कोऱ्या कागदासारखं यायचं, ढग दिसायचेच नाहीत. नारिंगी लावला की आभाळ आणखी गडद, तांबडा लावला की भर दुपारी वादळ आल्यासारखं. तेव्हा फिल्टर हे चित्र घडवायचं साधन होतं. दागिना सांभाळायची डबी नव्हती.

डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढ्यातच अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारी काच बसवलेली असते. त्यामुळे यूव्ही म्हणून यूव्हीचं काम जवळजवळ संपलं. दुकानदारांच्या जिभेवर शब्द मात्र राहिला. क्लिअर किंवा प्रोटेक्टर म्हणजे निव्वळ पारदर्शक काच, रंग न बदलणारी. निकॉनची स्वतःची येते तिच्यावर एनसी लिहिलेलं असतं, म्हणजे न्यूट्रल कलर. घ्यायचाच तर क्लिअर घ्यावा. काही यूव्ही फिल्टरांना किंचित पिवळट झाक असते. पांढऱ्या कागदावर ठेवून बघितला की कळते.

दुसरं, ताई, माप भावाला विचारू नका, लेन्सला विचारा. पुढच्या कडेवर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला एक गोल आणि त्यावर तिरकी रेघ असं चिन्ह असतं. त्यापुढचा आकडा तो फिल्टरचा.

खिडकीतली | मंगळवार, सकाळी ८:५५

काका, आत्ता चहा पिता पिता बघितलं. ६२!! भावाला फोन केला. तो म्हणतो, "अगं, १८-१४० ला ६७ च असतो, माझ्याकडे आहे ना!"

इंदूचा_रोल | मंगळवार, सकाळी ९:१०

दोघंही बरोबर आहात. त्याची जुन्या डीएसएलआरची असणार, तिला ६७. तुमची झेड माउंटची, म्हणजे नव्या मिररलेस कॅमेऱ्यांची, तिला ६२. नाव एक, लेन्स दोन.

नारायणपेठी | मंगळवार, सकाळी ९:१४

थांबा थांबा थांबा. माझाही झेडच आहे.

रस्ता_पेठ_खड्डा | मंगळवार, सकाळी ९:१६

अरेरे.

चार_टक्के | मंगळवार, दुपारी १:४५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, त्यामुळे जरा सविस्तर.

साध्या काचेवर प्रकाश पडला की हवा आणि काच यांच्या सीमेवर सुमारे ४ टक्के परत फिरतो. काचेला बाजू दोन, म्हणजे जवळपास ८ टक्के. फोटो थोडा काळा आला तर कॅमेरा सांभाळून घेतो, त्याचं दुःख नाही. अडचण ही की परत फिरलेला प्रकाश कुठेतरी जातोच. चांगल्या मल्टिकोटेड (परावर्तन कमी करणाऱ्या थरांच्या) फिल्टरमध्ये हेच परावर्तन दर बाजूला अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतं. किमतीतला फरक बराचसा इथला आहे, काचेच्या "जर्मन"पणाचा कमी.

आता रात्रीचं बघा. चौकातला दिवा चौकटीत आहे. त्याचा प्रकाश लेन्समधून सेन्सरवर पडतो. सेन्सरचा पृष्ठभाग चकचकीत, तो त्यातला थोडा परत पाठवतो. हा प्रकाश लेन्समधून उलटा बाहेर निघतो आणि समोर सपाट फिल्टरची पाठ असते. ती त्याला आरशासारखी पुन्हा आत ढकलते. निकाल असा की दिव्याचं एक फिकट, उलटं भूत फोटोत बसतं, आणि तेही चौकटीच्या मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडे. दिवा खाली डावीकडे असेल तर भूत वर उजवीकडे. लेन्सची स्वतःची पुढची काच वक्र असते, ती प्रकाश पसरून टाकते, म्हणून हा प्रकार सपाट फिल्टरलाच जास्त जडतो.

मला हे कळलं ते विसर्जनाच्या रात्री. अलका चौकात रात्रभर उभा राहून काढलेल्या फोटोंमध्ये गणपतीच्या मागे काळ्या आभाळात हिरवट दिव्यांची दुसरी मिरवणूक निघाली होती. आधी वाटलं ड्रोन आहेत.

दुकानात करायची चाचणी: फिल्टर ट्यूबलाइटखाली थोडा तिरका धरा आणि त्यात ट्यूबचं प्रतिबिंब बघा. पांढरी स्वच्छ ट्यूब आरशात दिसावी तशी दिसली तर फिल्टर परत द्या. ट्यूब अंधुक, हिरवी किंवा जांभळी दिसली तर कोटिंग आहे. दुकानदार "काय बघताय?" म्हणून विचारेल. बघत राहायचं.

खिडकीतली | मंगळवार, दुपारी २:३०

हे फार उपयोगी आहे. म्हणजे मी दिवसा लावायचा आणि रात्री काढायचा?

चार_टक्के | मंगळवार, दुपारी २:४१

हो. तो स्क्रूने फिरणारा आहे, सिमेंटने बसवलेला नाही. लोक विसरतात.

कवडीपाटचा_खंड्या | मंगळवार, रात्री ९:२५

पक्षीवाल्यांची बाजू मांडतो. माझ्या १५०-६०० च्या लेन्सला ९५ मिमीचा फिल्टर लागतो. एवढ्या मोठ्या मापात चांगला घ्यायचा तर खिसा हलका होतो, म्हणून मी स्वस्तातला घेतला. दोन हिवाळे कवडीपाट आणि भिगवण करून माझे फ्लेमिंगो कायम जरा साबण लागल्यासारखे. दोष फोकसला दिला, उन्हाच्या झळांना दिला, बोटीच्या हलण्याला दिला. मग एका सकाळी किनाऱ्यावर ट्रायपॉड लावून एकाच खुंटावर बसलेल्या एकाच पाणकावळ्याचे फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय असे दहा-दहा फोटो काढले. ६०० वर फरक असा की चष्मा पुसल्यासारखं वाटलं. पिसांच्या कडा मोजता येत होत्या. काच नीट सपाट घासलेली नसेल तर लांब पल्ल्याच्या लेन्सवर ती लगेच उघडी पडते. १८ किंवा ५० वर तीच काच खपून जाते.

तेव्हापासून टेलीवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या लेन्सवर, फक्त हूड.

झब्बूवाली | मंगळवार, रात्री ९:५०

मग सीपीएल, म्हणजे चमक कापणारा पोलरायझर फिल्टर, तोच का लावून ठेवत नाही कायमचा? संरक्षणाचं संरक्षण आणि आभाळही निळं.

कवडीपाटचा_खंड्या | मंगळवार, रात्री १०:०२

आषाढात आभाळ निळं असेल तर ना! पोलरायझर दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) खातो. ढगाळ घाटात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) आधीच वर गेलेला असतो, त्यात ही भर. ओल्या पानांवरची, रस्त्यावरच्या पाण्यावरची चमक काढायला तो उत्तम आहे. काम झालं की डबीत.

आजी_कुठे_गेली | मंगळवार, रात्री १०:२०

माझ्या ५० एफ/१.८ लेन्सला फिल्टर घ्यायला गेले तर चांगला फिल्टर लेन्सच्या पाव किमतीला पडत होता. नाही घेतला. पाच वर्षं झाली. पुढच्या काचेला हूडसुद्धा नाही. नात बोट लावते, मी पुसते.

कोरडा_डबा | बुधवार, सकाळी ७:०५

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. बुरशी फिल्टरने थांबत नाही. बुरशीचे बीजाणू हवेत असतातच. त्यांना दमट अंधार मिळाला की ते काचांच्या मधे जाळं विणतात. घाटातून भिजून आलात आणि फिल्टर तसाच घट्ट ठेवून कॅमेरा बॅगेत कोंबलात, तर फिल्टर आणि पुढची काच यांच्यामधली वाफ जायची कुठे? घरी आल्यावर फिल्टर काढा, दोन्ही बाजू कोरड्या होऊ द्या, पंख्याखाली तासभर ठेवा. मग हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या मधे राहिला की झोप लागते.

निळं सिलिका जेल ओलं झालं की गुलाबी होतं, आणि तापवलं की परत निळं. पण ते स्वयंपाकाच्या कढईत परतू नका. त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. नारिंगी मिळतं ते घ्या, आणि त्यालाही वेगळं भांडं ठेवा. आमच्याकडे या विषयावर मोठं भांडण होऊन गेलं आहे.

वारीतला_वाटसरू | बुधवार, रात्री ११:१५

बाकीच्यांनी काचेचं शास्त्र सांगितलं, मी वारीचं सांगतो. आठेक वर्षं दिवे घाट करतोय.

तिथे लेन्सला शत्रू चार. पहिला पाऊस, तो सगळ्यांना आठवतो. दुसरा छत्रीची काडी. गर्दीत बरोबर लेन्सच्या उंचीवर शेकडो छत्र्यांची टोकं असतात. तिसरा तुमचा स्वतःचा रुमाल. दर दोन मिनिटांनी थेंब पडतो, हातात जे असेल त्याने आपण पुसतो, आणि त्या रुमालात घाटातली माती असते. चौथा भंडारा.

फिल्टरचा खरा उपयोग मला तिसऱ्या आणि चौथ्यासाठी वाटतो. फिल्टरला चिलखत समजू नका, स्वयंपाकघरातला एप्रन समजा. डाग त्यावर पडावेत आणि तो धुवून टाकावा. उघड्या लेन्सवर थेंब पडला की माणूस ब्लोअर (धूळ उडवायचा रबरी फुगा) शोधतो, मऊ कापड शोधतो, आणि तोवर समोरची फुगडी संपते. फिल्टर असला की सदऱ्याच्या टोकाने पुसून मोकळा. चरे पडले तर फिल्टरला पडतील. पाणी सरकून जावं असं वरचं कोटिंग असलेला मिळाला तर आणखी बरं, थेंब झटकला की जातो.

काही लेन्सना तर कंपनीच सांगते की पुढून फिल्टर लावल्याशिवाय पाणी-धुळीपासूनचं सीलिंग पुरं होत नाही. कॅननची १७-४० एफ/४ एल त्यातलीच. उलट ज्यांची पुढची काच फुग्यासारखी बाहेर आलेली असते, उदाहरणार्थ निकॉनची जुनी १४-२४, तिला पुढून स्क्रूचा फिल्टर लागतच नाही. तिथे वाद आपोआप मिटतो.

पण ताई, महत्त्वाचं हे: तुमची १८-१४० झूम करताना लांब होते. नळी बाहेर आली की ती हवा आत ओढते, आत गेली की सोडते. आम्ही म्हणतो लेन्स श्वास घेते. जेजुरीत ती काय श्वासात घेईल याचा विचार करा. पुढे कितीही महाग फिल्टर लावा, भंडारा बाजूने आत जाणार. म्हणून जाड पारदर्शक पिशवी घ्या, तळाला लेन्सएवढं भोक पाडा, ते हूडवर रबराने घट्ट बसवा आणि पिशवी पूर्ण कॅमेऱ्यावर ओढा. मागून हात घालायचा. दिसायला कॅमेरा उपासाच्या पिशवीत ठेवल्यासारखा दिसतो, पण चालतं. आणि पायऱ्यांवर पोहोचायच्या आधी एक झूम ठरवा. तिथे नळी आत-बाहेर करू नका.

भंडारा बसलाच तर पुसायचा नाही. आधी ब्लोअरने उडवायचा, मग मऊ ब्रश, मग कापड. आणि कॅमेरा चालू असताना लेन्स बदलायचा तर विचारही नको, बंद असतानाही नको.

खिडकीतली | गुरुवार, सकाळी ९:४०

वाटसरू, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून बॅगेत ठेवते.

नारायणपेठी | गुरुवार, सकाळी १०:०५

माझा ६७ चा आला. ऑनलाइनवाले म्हणतात खोका उघडला म्हणून परत घेणार नाहीत. न उघडता माप कसं बघायचं होतं, हे विचारलं तर फोन ठेवला.

उंडगा_ट्रायपॉड | गुरुवार, सकाळी १०:११

६२ ते ६७ ची स्टेप-अप रिंग मिळते. स्वस्त असते. ती लेन्सला, तिच्यावर फिल्टर. झालं काम.

नारायणपेठी | गुरुवार, सकाळी १०:३०

आणि मग हूड कुठे लावू? कपाळाला? झाकणही ६२ चं, ते त्यावर बसणार नाही.

खिडकीतली | शनिवार, रात्री १०:५०

घेतला एकदाचा! ६२ मिमी, क्लिअर, मल्टिकोटेड. दुकान दुसरं. ट्यूबलाइटची चाचणी तिथेच केली. पहिल्या फिल्टरमध्ये ट्यूब इतकी लख्ख दिसली की मी त्यात केस नीट केले. दुसऱ्यात फिकट हिरवी रेघ. दुकानातल्या मुलाने शेवटी स्वतःच तिसरा काढून ट्यूबखाली धरला आणि म्हणाला, "मॅडम, हा बघा, हा अजून हिरवा आहे." तो घेतला.

आज रात्री गच्चीवरून खालच्या रस्त्यावरच्या दिव्यांचे फोटो काढले, एकदा लावून आणि एकदा काढून. चार_टक्के, तुमचं भूत सापडलं. फार फिकं, मोठं करून बघितल्याशिवाय दिसत नाही, पण आहे. दिवा खाली डावीकडे, भूत वर उजवीकडे, अगदी तुम्ही म्हणालात तसं. मग आईच्या हातात मोबाइलचा टॉर्च देऊन तिला गच्चीच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं. तिथे मात्र भूत चांगलं ठळक. आईने विचारलं हे सगळं कशासाठी, तर मला थोडक्यात सांगता आलं नाही.

चार_टक्के | शनिवार, रात्री ११:२०

दंडवत. धाग्यात सांगितलेली चाचणी प्रत्यक्ष करून बघणारी तुम्ही पहिली व्यक्ती.

मधलाच_कोणीतरी | रविवार, दुपारी १२:१०

धाग्याशी संबंध कमी आहे, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटवायच्या काचा मिळतात, त्या लावाव्यात का?

रस्ता_पेठ_खड्डा | रविवार, दुपारी १२:२५

नको. मोबाइलच्या लेन्सवर मुळातच एक मजबूत काच बसवलेली असते. तिच्यावर आणखी एक चिकटवली की दोघींच्या मधे धूळ अडकते आणि रात्रीचे दिवे पिंजल्यासारखे येतात. माझ्या मुलाने चमकी असलेली लावली आहे. फोटोत सगळेजण देवदूत दिसतात.

खिडकीतली | चौदा दिवसांनंतर, रविवार, सकाळी ११:३०

धागा वर काढतेय. परत आले, पाय अजून दुखतायत.

दिवे घाटात पाऊस असा होता की समोरचा माणूस दिसेना. पिशवी आणि हूडमुळे कॅमेरा वाचला. छत्रीची काडी एकदा खरोखर आली, हूडवर टक् करून आपटली आणि सरकली. फिल्टर किती वेळा पुसला ते मोजलं नाही. ओढणीने, मैत्रिणीच्या ओढणीने, एकदा एका माउलींनी स्वतःच्या पदराने पुसून दिला आणि म्हणाल्या, "आता काढ माझा फोटू." तो फोटो सगळ्यात चांगला आलाय. त्या क्षणी उघडी लेन्स असती तर मी "नको नको" म्हणत मागे सरले असते.

जेजुरीत मात्र चूक केली. पायऱ्यांवर पिशवीत इतकी वाफ धरली की मागचा पडदा दिसेना, म्हणून पाच मिनिटं पिशवी काढली. आणि नेमका तेव्हाच वरून भंडारा आला. हवा पिवळी, माणसं पिवळी, आवाजसुद्धा पिवळा वाटत होता. मी भान विसरून १८ वरून १४० वर गेले आणि परत आले. दोनदा. वाटसरू, माफ करा.

घरी येऊन बघितलं तर पुढची काच स्वच्छ, फिल्टर हळदीचा. पण झूम फिरवताना नळीतून बारीक करकर ऐकू येते, वाळूवर चप्पल घासल्यासारखी. आणि फिल्टर निघत नाहीये! जोर लावून थकले.

इंदूचा_रोल | रविवार, सकाळी ११:४५

जोर लावणं थांबवा. बोटांनी दाबलं की रिंग गोलाची लंबगोल होते आणि आणखी आवळते. ॲल्युमिनियमच्या रिंगेत हे फार होतं, पितळीची कमी अडकते. आधी ब्लोअरने कडेची पूड उडवा. भाजीच्या जुडीला येतं तसं रुंद रबर रिंगेभोवती गुंडाळा आणि पाचही बोटांनी हलका, सारखा दाब देऊन फिरवा. नाही निघाला तर रबरी चपलेचा तळ स्वच्छ धुवून, कोरडा करून जमिनीवर उलटा ठेवा, फिल्टर त्यावर सपाट टेकवा आणि लेन्स वरून अलगद फिरवा. दाब सगळीकडे सारखा बसतो.

खिडकीतली | रविवार, दुपारी १२:२०

निघाला!!! रबराने नाही, चपलेने. हॉलमध्ये मधोमध उलटी चपल आणि त्यावर कॅमेरा हे दृश्य बघून बाबा काही न बोलता आत गेले. आट्यांमध्ये हळदीचा ओला लगदा वाळून बसला होता, सिमेंटसारखा.

आता फिल्टर धुऊ कशाने?

वारीतला_वाटसरू | रविवार, दुपारी १२:५०

आधी ब्लोअर, मग नळाच्या बारीक धारेखाली, बोटाला भांड्यांच्या लिक्विडचा थेंब घेऊन हलकेच. साबण लागला की हळद लालसर होईल, घाबरू नका, ते हळदीचं नेहमीचंच आहे. मग मऊ कापडाने टिपा. सीपीएल असता तर धुवायला नाही सांगितलं असतं, त्याच्या दोन काचांमध्ये पातळ पापुद्रा असतो, पाणी कडेने आत शिरतं. आटे कोरड्या मऊ दातघाशीने साफ करा, लेन्सचे करताना तोंड खाली धरून. परत बसवताना आधी उलटा फिरवा, आटा जुळल्याचं बोटाला जाणवलं की मग सुलटा, आणि घट्ट म्हणजे दोन बोटांनी जेवढा होईल तेवढाच.

नळीतली करकर घरी काढायला जाऊ नका. झूम फिरवणं बंद ठेवा आणि सर्व्हिसला द्या. बाजूने तेल वगैरे सोडू नका, प्लीज. मागे एकाने शिवणयंत्राचं सोडलं होतं.

खिडकीतली | मंगळवार, सायंकाळी ६:१५

देऊन आले. उघडून साफ करावी लागेल, दहा दिवस म्हणाले. आकडा सांगितला तो आईला सांगितलेला नाही. काउंटरवरच्याने लेन्स कानाशी धरून फिरवली आणि विचारलं, "जेजुरी?"

उंडगा_ट्रायपॉड | मंगळवार, सायंकाळी ६:३०

फोटो कधी टाकताय? त्या पदरवाल्या माउलींचा आधी.

नारायणपेठी | मंगळवार, रात्री ८:००

विकणे आहे: ६७ मिमी यूव्ही फिल्टर, एकदाही लेन्सला न लागलेला, खोक्यासह. ट्यूबलाइटमध्ये जरा पांढरा दिसतो, ते आधीच सांगून ठेवतो. नारायण पेठेत येऊन न्यावा, संध्याकाळी ५ नंतर. येण्याआधी आपल्या लेन्सवरचा आकडा वाचून यावे. भाव होणार नाही.